खडकीला पाणी पाजणारा वजीर : मलिक अंबर

विंचूरमध्ये पाण्याचा विषय निघाला की तो पाटापासून सुरू होतो. पालखेडचं आवर्तन कधी सुटणार, चारीला पाणी कधी येणार, शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत ते पोचणार की मध्येच कुणीतरी मोटर टाकून उचलणार. तीन पाटीवर चहाला थांबलेल्या माणसाला कांद्याचा भाव विचारा नाहीतर पाटाचं पाणी विचारा, तासभर निघून जातो. आमच्या शाळेतली निम्मी मुलं शेतकऱ्यांची, शेतमजुरांची. पाणी म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकवावं लागत नाही.

मागच्या हिवाळ्यात आम्ही वर्गात शहाजीराजांचा धडा घेत होतो. भातवडीच्या लढाईचा उल्लेख आला आणि त्यात मलिक अंबरचं नाव आलं. एका मुलाने विचारलं, हा मलिक अंबर कोण? आम्ही सांगितलं, निजामशाहीचा वजीर, मूळचा आफ्रिकेतला हबशी. तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी वर्गातल्याच एका सावळ्या मुलाकडे बोट दाखवून काहीतरी बोललं आणि सगळा वर्ग हसला. ज्याच्यावर हसले तो पोरगा मान खाली घालून वहीच्या कोपऱ्यावर रेघा ओढत बसला. आम्ही त्या दिवशी पुढचा धडा घेतला नाही. रागावून उपयोग नसतो हे वीस वर्षांच्या नोकरीत कळलेलं आहे. त्यापेक्षा सहल कुठे न्यायची याचा निर्णय आम्ही त्याच तासाला घेऊन टाकला.

जानेवारीत पहाटे पाच वाजता एस.टी. निघाली. येवला, वैजापूर करत औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. मुलांना पाणचक्की बघायची होती, बीबी का मकबरा बघायचा होता, फोटो काढायचे होते. आम्हाला मात्र त्यांना दाखवायची होती जमिनीखालची एक गोष्ट, जी फोटोत येत नाही. मलिक अंबरची नहर. ती बघण्याआधी माणूस समजायला हवा, म्हणून गाडीतच गोष्ट सुरू केली. तीच इथे लिहीत आहोत.

साधारण १५४८ साली आजच्या इथिओपिया देशात, हरारच्या बाजूला, ओरोमो जमातीत एक मुलगा जन्मला. त्याचं नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या बाजारात आला. कुणी म्हणतं लढाईत पकडला गेला, कुणी म्हणतं गरिबीपायी आईबापांनीच विकला. येमेनच्या मोखा बंदरात त्याचा सौदा झाला. तिथून तो बगदादला गेला. बगदादच्या मीर कासिम नावाच्या मालकाने त्याला विकत घेतलं, आणि इथे त्याच्या नशिबाने पहिलं वळण घेतलं. या मालकाने पोराची हुशारी ओळखली. त्याला लिहायला, वाचायला, हिशेब ठेवायला शिकवलं. तो मुसलमान झाला आणि त्याला अंबर हे नाव मिळालं.

इथे आम्ही मुलांना थांबवून एक गोष्ट सांगितली. गुलामी ही गुलामीच असते. चांगला मालक मिळाला म्हणून ती चांगली होत नाही. इस्लामने गुलामाला मुक्त करणं हे मोठं पुण्याचं काम मानलं, पण बाजार चालूच होते आणि मुसलमान व्यापारीही त्यात होते. आपला इतिहास सांगताना हा भाग गाळून पुढे जायची आपल्याला सवय आहे. ती बरी नव्हे.

१५७० नंतरच्या काही वर्षांत अंबर दख्खनला आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतलं. हा चंगेजखान म्हणजे मंगोलांचा नव्हे. हा स्वतःच हबशी आणि एके काळचा गुलाम. त्याच्या पदरी सुमारे एक हजार हबशी होते. दख्खनमध्ये तेव्हा हबशांना सैन्यात आणि कारभारात मोठी मागणी होती. परदेशातून आलेला, इथे भाऊबंद नसलेला माणूस मालकाशी इमान राखतो, असा हिशेब त्यामागे होता. आणि मालक मेला की बहुतेक वेळा ते मोकळेही होत, मग तलवार घेऊन जिथे पगार मिळेल तिथे जात. अंबरचं असंच झालं. चंगेजखान फार दिवस जगला नाही. त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केलं. पंचविशीच्या पुढेमागे असलेला हा तरुण पहिल्यांदा स्वतःचा मालक झाला. त्याने लग्न केलं. बायकोचं नाव करीमा.

पुढची जवळजवळ वीस वर्षं त्याने भाड्याचा शिपाई म्हणून काढली. विजापूरच्या आदिलशाहीत चाकरी केली, मलिक ही पदवी त्याला तिथेच मिळाली असं मानतात. पण तिथेही मन रमलं नाही. १५९५ च्या सुमारास तो दीडशे घोडेस्वार घेऊन परत अहमदनगरला आला. वय झालं होतं पन्नाशीच्या जवळ. आपल्याकडे या वयात माणूस पेन्शनचे हिशेब करायला लागतो. मलिक अंबरची खरी कारकीर्द तेव्हा सुरू व्हायची होती.

अहमदनगरवर त्या वेळी अकबर बादशहाच्या फौजा चालून आल्या होत्या. चांदबीबीने किल्ला लढवला, हे आपल्या घराघरात माहीत आहे. १६०० साली चांदबीबी तिच्याच माणसांच्या हातून मारली गेली आणि किल्ला मोगलांकडे गेला. निजामशाही संपली असंच सगळ्यांना वाटलं. मलिक अंबरने मात्र परांड्याच्या किल्ल्यात निजामशाही घराण्यातल्या एका तरुणाला गादीवर बसवलं. हाच दुसरा मुर्तजा निजामशाह. आपली मुलगी त्याला दिली. दीडशेचे काही हजार स्वार झाले. राज्य नाही, राजधानी नाही, खजिना नाही, फक्त एक नाव आणि ते नाव घेऊन लढणारा एक म्हातारा होत चाललेला हबशी.

त्याच वेळी राजू दख्खनी नावाचा दुसरा सरदारही स्वतःच्या बळावर उभा होता. दौलताबादपासून उत्तरेला गुजरातच्या हद्दीपर्यंतचा मुलूख त्याच्या हाती. आपला नाशिककडचा भाग त्यातच आला. म्हणजे अंबरला समोर मोगल आणि पाठीमागे राजू. १६०२ मध्ये नांदेडजवळ मोगलांशी झालेल्या लढाईत तो जखमी होऊन पडला, त्याच्या माणसांनी त्याला उचलून नेलं म्हणून वाचला. खानखानान अब्दुर्रहीमशी तह झाला. मग काही वर्षांत राजूचा बंदोबस्त झाला, जुन्नर राजधानी झाली, पुढे दौलताबाद. १६१० पर्यंत अहमदनगरचा किल्लाही त्याने मोगलांकडून परत घेतला. एका इंग्रज प्रवाशाने याच सुमारास लिहून ठेवलंय की त्याच्याकडे दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी फौज होती. आकडा थोडा इकडे-तिकडे असेल, पण दीडशेपासून सुरुवात होती हे लक्षात ठेवा.

चाळीस हजार दख्खनी म्हणजे कोण? त्यात मुसलमान होते आणि मराठे भरपूर होते. मोगलांची फौज म्हणजे हत्ती, तोफा, तंबू, बाजारबुणगे, असं चालतं-फिरतं शहर. समोरासमोर त्याच्याशी लढणं म्हणजे मरण. अंबरने मराठा स्वारांच्या हलक्या तुकड्या केल्या. डोंगरातून यायचं, रसद तोडायची, चारा जाळायचा, रात्री छापा घालायचा आणि उजाडायच्या आत पसार व्हायचं. यालाच बारगीगिरी म्हणत. आपण ज्याला गनिमी कावा म्हणतो त्याची तालीम या काळात मोठ्या प्रमाणावर झाली. मालोजीराजे भोसले, शहाजीराजे, लखुजी जाधवराव, ही सगळी माणसं या निजामशाहीच्या वर्तुळातली. हा इतिहास काही गुपित नाही. शिवाजी महाराजांच्या दरबारात लिहिल्या गेलेल्या शिवभारतातही मलिक अंबरचा उल्लेख आदराने आला आहे. पण आज शाळेत तो एका ओळीत उरकतो आणि आपल्या मोहल्ल्यात तर तेवढाही होत नाही.

एक डाग इथेच सांगून टाकतो. मुर्तजा निजामशाह १६१० मध्ये विषप्रयोगाने मेला. सगळे बोट अंबरकडे दाखवतात. त्याला भेटलेल्या एका डच व्यापाऱ्याच्या नोंदीप्रमाणे, सुलतानाच्या दुसऱ्या, इराणी वंशाच्या बेगमने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर, काळी म्हणून हिणवलं, त्यातून हे प्रकरण पेटलं. सुलतान आणि ती बेगम दोघंही गेले. सुलतानाच्या पाच वर्षांच्या मुलाला गादीवर बसवण्यात आलं आणि सगळी सत्ता अंबरच्या हातात राहिली. मुलीच्या अपमानाने बाप पेटला असेल हे समजतं. पण विष घालणं ते विषच. आम्ही मुलांना हे लपवलं नाही. मोठ्या माणसाच्या गोष्टीत असं काही आलं की मुलं जास्त लक्ष देऊन ऐकतात, हेही खरं.

आता खडकी. दौलताबादपासून जवळच, खाम नदीच्या काठी, दोन डोंगररांगांच्या मधल्या माळावर हे छोटं गाव होतं. नावच सांगतं, खडकच खडक. १६१० मध्ये अंबरने तिथे राजधानीचं शहर वसवायचं ठरवलं. १६१२ मध्ये मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून भडकल दरवाजा उभा राहिला. तो आजही उभा आहे, आमची एस.टी. त्याच्या बाजूनेच गेली. काळ्या दगडातल्या मशिदी झाल्या, त्यातली जुन्या बाजारातली काली मस्जिद आजही नमाजाने भरते. १६१६ मध्ये नौखंडा महाल बांधला. तिथे आता मुलींचं कॉलेज भरतं. ही गोष्ट ऐकून आमच्या मुलींच्या चेहऱ्यावर जे हसू आलं त्यासाठी तरी सहल वसूल झाली.

पण शहराला दरवाजे आणि महाल पुरत नाहीत. फौज आली, घोडे आले, कारागीर आले, बाजार आला. पाणी कुठून आणायचं? खाम ही काही गोदावरी नव्हे. उन्हाळ्यात तिच्यात दगड दिसतात. अंबरने ठरवलं, उत्तरेकडे हर्सूलच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी जमिनीत पाणी मुरलेलं आहे, तेच जमिनीखालून शहरात आणायचं. दरबारातल्या जाणकारांनी ही कल्पना हसण्यावारी नेली असं सांगतात. जमिनीच्या पोटातून नदी आणणार, म्हणे! अंबरने काम सुरू केलं. पंधरा महिन्यांत आणि अडीच लाख रुपयांत ते पुरं झालं असं सांगितलं जातं. हिशेबाचा कागद कुणाकडे नाही, पण पाणी आलं एवढं नक्की. १६१७ च्या आगेमागे खडकीच्या हौदांत पाणी पडू लागलं.

ही नहर चालते कशी, हे समजावून सांगण्यात आमचा बराच वेळ गेला, आणि सगळ्यात मजाही त्यातच आली. इराणमध्ये ज्याला कनात म्हणतात, त्याच जातीचं हे काम. डोंगराच्या पायथ्याशी विहिरीसारखा खोल खड्डा घेतात. पाणी लागलं की त्या पातळीवरून शहराच्या दिशेला आडवा बोगदा खणत जातात. बोगद्याला उतार द्यायचा, पण अगदी थोडा. जास्त दिला तर पाणी वेगाने धावून भिंती खाईल, कमी दिला तर गाळ बसेल. बोगद्याच्या वर ठराविक अंतरावर उभी तोंडं ठेवायची. त्यातून खणलेली माती वर काढता येते, आत हवा जाते, पुढे गाळ काढायला माणूस उतरवता येतो. अंबरच्या नहरीला अशी १४० तोंडं होती असं सांगतात. वाटेत ठिकठिकाणी जमिनीतलं पाणी झिरपून बोगद्यात येत राहतं, म्हणजे नहर जितकी लांब तितकं पाणी वाढतं. आपल्या पाटाचं बरोबर उलटं! पाटाला पुढे जाईल तसं पाणी कमी होतं, टेलवाल्याला विचारा.

शहराजवळ आल्यावर हे पाणी बांधीव नळीत आणि मग खापराच्या नळांत शिरतं. जिथे चढ आहे तिथे काय? एका मुलाने पारदर्शक प्लास्टिकची नळी आणली होती, आम्हीच आणायला सांगितली होती. ती इंग्रजी यू अक्षरासारखी धरून एका तोंडातून पाणी ओतलं. दुसऱ्या तोंडाला पाणी तेवढंच वर आलं. बंद नळीत पाणी खाली जातं आणि जवळजवळ तेवढ्याच उंचीला परत चढतं, एवढ्या एका नियमावर हे सगळं उभं आहे. नळात दाब फार वाढला तर खापर फुटेल, हवा अडकली तर पाणी थांबेल, म्हणून वाटेत उंच बांधीव मनोरे ठेवले. जुने लोक त्यांना बंबे म्हणतात. पाणी मनोऱ्यात चढतं, दाब मोकळा होतो, हवा निघून जाते, पाणी दुसऱ्या बाजूने उतरून पुढे जातं. मोटर नाही, वीज नाही, डिझेल नाही, बिल नाही.

असलं पाणी नदी ओलांडताना दोन रस्ते असतात. एक तर नदीवर कमानींचा पूल बांधून त्यावरून पाट न्यायचा. नाहीतर बंद नळी नदीच्या तळाखालून घालून पलीकडे वर काढायची. हा दुसरा प्रकार आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात झालेला आहे. १८८४ मध्ये नोकरीला लागलेले तरुण इंजिनिअर विश्वेश्वरय्या यांनी सुरुवातीलाच जी कामं केली त्यात पांझरा नदीतून पाणी नेणारा नळांचा सायफन होता. म्हैसूरचे दिवाण ते फार नंतर झाले. आमच्या मुलांना विश्वेश्वरय्या माहीत होते, इंजिनिअर्स डे मुळे. त्यांच्या अडीचशेपेक्षा जास्त वर्षं आधी खडकीत बंद नळीतून पाणी चढवून दाखवलं होतं, हे माहीत नव्हतं. दोघांपैकी एकाला लहान करायचं कारण नाही. नियम एकच, तो दोघांनाही कळला होता.

पाणचक्कीला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. खाम नदी शहरात शिरली की नदी कमी आणि नाला जास्त वाटते. हल्ली काही भागात काठ साफ केलेत, ते बघून बरं वाटलं. पाणचक्कीत उंच भिंतीवरून पाणी हौदात पडतं, मुलं ते बघतच राहिली. इथे एक गैरसमज दूर करू. पुष्कळ लोक पाणचक्कीही मलिक अंबरनेच बांधली असं सांगतात. तसं नाही. ती बाबा शाह मुसाफिर या सूफी बुजुर्गांच्या खानकाहची, अंबरच्या नंतरच्या काळातली. तिची नहरही वेगळी. तिथल्या चक्कीवर दळलेलं पीठ फकिरांच्या, मुसाफिरांच्या आणि शिकायला राहिलेल्या मुलांच्या पोटात जात असे. अंबरने वाट दाखवली आणि पुढे मोगल काळात शहरात अशा आणखी बऱ्याच नहरी झाल्या, असं म्हणणं बरोबर.

त्याच्या नहरीचं उघडं तोंड बघायला मात्र आम्ही शहराच्या उत्तरेला गेलो. एका चाचांनी वाट दाखवली. दगडी चौकट, वर जाडजूड झाकण, आजूबाजूला बांधकामं, प्लास्टिकच्या पिशव्या, कुणीतरी टाकलेली जुनी चादर. बरीच तोंडं अशीच घरांच्या आणि रस्त्यांच्या खाली गेली असल्याचं चाचा सांगत होते. चाचांनी झाकण जरा सरकवलं. मुलं एकदम गप्प झाली. खालून पाण्याचा आवाज येत होता. फार मोठा नाही, कुणीतरी शेजारच्या खोलीत हळू बोलत असावं इतपत. ज्या मुलावर वर्ग हसला होता तो सगळ्यात पुढे गुडघ्यावर बसून कान लावून ऐकत होता. त्याने खडा टाकू का म्हणून विचारलं. चाचा म्हणाले, बेटा, पीने का पानी है, मत डाल. त्याने हातातला खडा खिशात ठेवला.

ज्या वर्षांत हे पाणी आलं ती वर्षं शांततेची नव्हती, हेही सांगायला हवं. १६१६ मध्ये रोशनगावला मोगलांनी अंबरचा मोठा पराभव केला. त्याचे काही सरदार, मुसलमान आणि मराठे दोन्ही, आधीच फितूर होऊन तिकडे गेले होते. मोगलांनी खडकी जाळली. पुढच्याच वर्षी शहजादा खुर्रम फौज घेऊन आला, तह झाला, अहमदनगर परत द्यावं लागलं. खुर्रमला शाहजहान ही पदवी त्याच मोहिमेबद्दल मिळाली. १६२० मध्ये अंबर पुन्हा उठला, त्याचे स्वार नर्मदेपलीकडे मांडूपर्यंत जाऊन आले. १६२१ मध्ये शाहजहान परत आला आणि खडकीची पुन्हा राख झाली. दोनदा जळालेलं शहर दोनदा उभं राहिलं. घरं जाळता येतात, जमिनीखालचं पाणी जाळता येत नाही. लोक परत आले याचं एक कारण तेही असावं, असं आपलं आम्हाला वाटतं.

जहांगीर बादशहाला हा माणूस सहन होत नव्हता. आपल्या आठवणींत तो अंबरचं नाव शिवी जोडल्याशिवाय घेत नाही, आणि शिव्या बहुतेक रंगावरूनच. १६१६ च्या सुमाराला दरबारी चित्रकार अबुल हसन याने एक चित्र काढलं. त्यात बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण मारतोय. प्रत्यक्षात जहांगीरची आणि त्याची कधी गाठसुद्धा पडली नाही. ते चित्र आज आयर्लंडमधल्या डब्लिनच्या संग्रहालयात आहे. आम्ही मोबाईलवर मुलांना ते दाखवलं. मागच्या बाकावरचा तो बोट दाखवणारा मुलगा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, बादशहा असून असं? आम्ही काही बोललो नाही.

तलवारीइतकंच काम अंबरने जमिनीच्या हिशेबात केलं, आणि शेतकऱ्यांच्या मुलांना ते सांगायलाच हवं. त्याच्या आधी महसुलाचा मक्ता देण्याची पद्धत होती. मक्तेदार सरकारला ठराविक रक्कम भरायचा आणि रयतेकडून वाटेल तेवढी काढायचा. अंबरने मक्ते बंद केले. जमिनीची पाहणी करून चांगली-वाईट अशी प्रत ठरवली आणि खरोखर जे पिकलं त्यावर सारा बसवला. आधी पिकाचा दोन पंचमांश हिस्सा, मग रोकड, साधारण एक तृतीयांशाच्या किमतीची. गावच्या पाटील-कुलकर्ण्यांचे वतनी हक्क परत दिले आणि वसुलीची जबाबदारी त्यांच्याकडे ठेवली. मराठी कागदपत्रांत याला मलिकंबरी धारा म्हणतात. अंबर गेल्यावरही या नावाने हिशेब होत राहिले. दादोजी कोंडदेवांनी पुणे परगण्यात जी घडी बसवली तीही याच धर्तीवर, असं इतिहासकार सांगतात. आजच्या काळात सारा एक तृतीयांश म्हटलं तर आपले शेतकरी मोर्चा काढतील, पण त्या काळात काय पिकलं ते बघून वसूल करणं हीच मोठी गोष्ट होती.

भातवडीची लढाई १६२४ ची. आता अंबर पंच्याहत्तरीच्या पुढे. समोर मोगल आणि विजापूर, दोन्ही फौजा एकत्र. बाजूला शहाजीराजे आणि त्यांचे भाऊ शरीफजी. अहमदनगरजवळ भातवडीला मोठा तलाव आहे. अंबरने त्याचा बांध फोडला. पाणी आणि पाऊस मिळून शत्रूच्या छावणीत चिखलच चिखल झाला, तोफा रुतल्या, दाणागोटा तुटला, रोज रात्री छापे. शेवटी दोन्ही फौजा मोडल्या. शरीफजी त्या लढाईत कामी आले. अंबरने मग विजापूरपर्यंत धडक मारली, सोलापूरचा किल्ला घेतला. पाण्याची चाल ज्याला कळते त्याला ते सोडायचं कसं आणि अडवायचं कसं दोन्ही कळतं, आमच्यातल्या एका विज्ञानाच्या शिक्षकांनी मुलांना असं समजावलं.

१४ मे १६२६ च्या सुमारास मलिक अंबर वारला. वय ऐंशीच्या जवळ. शेवटपर्यंत मोगलांना अहमदनगरच्या पुढे निर्धास्त पाय ठेवता आला नाही. जहांगीरच्याच दरबारातल्या मोतमदखान या इतिहासकाराने त्याच्या मृत्यूची नोंद करताना शत्रू असूनही त्याची मनापासून तारीफ केली. मागे राहिला मुलगा फतेहखान. त्याने खडकीला फतेहनगर नाव दिलं, पण बापाची पोच त्याच्यात नव्हती. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांकडे गेलं आणि १६३६ मध्ये निजामशाही कायमची संपली. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून आला आणि शहर औरंगाबाद झालं. नावं बदलत गेली, त्यावर आज केवढे वाद चालतात ते आपण बघतोच. नहर तीच राहिली. मरणानंतर ज्याचा सवाब थांबत नाही त्या कामांना आपण सदका-ए-जारिया म्हणतो. विहीर खणणं, पाण्याची सोय करणं हे त्यात वरच्या नंबरावर. विंचूरला मस्जिदीत बोअरवेलसाठी वर्गणी काढताना हेच सांगितलं जातं. चारशे वर्षं किती लोकांनी या पाण्यावर वजू केला असेल, किती जनावरं प्याली असतील, कुणाची जात-धर्म विचारायला नहर थोडीच थांबली.

परतताना आम्ही वाकडी वाट करून खुलताबादला गेलो. जर जरी जर बख्श यांच्या दर्ग्याच्या जवळ मलिक अंबरचा मकबरा आहे. त्याने तो हयातीतच बांधून घेतला होता. घुमटाची साधी, भक्कम इमारत. जवळच बीबी करीमांची कबर. गर्दी दर्ग्याकडे आणि औरंगजेबाच्या कबरीकडे, इकडे जवळजवळ कुणीच नाही. पारव्यांचा आवाज तेवढा. आम्ही फातिहा पढली. जी मुलं दुसऱ्या धर्माची होती ती चपला काढून शांत उभी राहिली, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बाहेर आल्यावर एका मुलीने विचारलं, याच्या आईला कधी कळलं असेल का, तो एवढा मोठा झाला ते? पुस्तकात याचं उत्तर नाही, तिला तसंच सांगितलं.

येवल्याला चहा झाला तेव्हा अंधार पडला होता. विंचूरच्या अलीकडे पाटाला पाणी सुटलेलं दिसलं, आवर्तन दोन दिवस आधीच आलं होतं. मुलं खिडकीतून ओरडायला लागली. गाडीतून उतरताना त्या सावळ्या पोराने खिशातला खडा काढून आम्हाला दाखवला. हर्सूलचा आहे, म्हणाला. दुसऱ्या दिवशी वर्गात तो त्याच्या बाकावर होता, आणि शेजारी दप्तर सरकवून बसला होता मागच्या बाकावरचा तो मुलगा. नहरीचं चित्र काढायचं होतं, एकट्याला चौदा वीस तोंडं काढत बसायचा कंटाळा येत होता म्हणे.